केसभर खेळ

मंगळवारी सकाळी फोटो काढायचे म्हणून तिनं चौथं रीळ उघडलं, आणि मोठ्या गिअरमागचं बेअरिंग चिमट्यानं उचलताना त्याच्या पाठीला चिकटून एक चंदेरी चकती बाहेर आली. आधी तिला वाटलं, वाळलेल्या ग्रीसचा पापुद्रा असेल. तिनं ती कागदावर ठेवून भिंगाखाली घेतली. गोल होती, मधे भोक होतं, पण कडा यंत्रावर कापलेली नव्हती. कात्री हळूहळू वळवत कुणीतरी ती कापली होती आणि मग कशावर तरी घासून तिची धार मोडली होती. उलटी केली तर मागे हिरव्या शाईत एक अर्धं अक्षर होतं आणि त्याच्याखाली आणखी एक अर्धं. तो हिरवा रंग तिच्या ओळखीचा होता. दर महिन्याला ती बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायची, त्या स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी पत्र्यावर गोळीचं नाव याच हिरव्या शाईत पुन्हा पुन्हा छापलेलं असे. नखानं जरा ढकललं तर एकाच्या दोन चकत्या झाल्या. तिनं मायक्रोमीटर घेतला. एकेक दोन शतांश मिलिमीटर, दोन्ही मिळून चार. केसाच्या निम्म्याहून थोडी जास्त जाडी. आता आपल्याला राग येईल असं वाटून ती वाट बघत बसली. शेजारच्या खोलीत चाचणीची यंत्रं एका सुरात गुणगुणत होती. राग आला नाही. बोटाला ग्रीस लागलं होतं, ते तिनं पुसलं.

गळाच्या काठीला जे रीळ बसवतात त्याच्या पोटात तसं फार काही नसतं. हँडल फिरवलं की मोठा गिअर फिरतो, त्याचे दात लहान पितळी पिनियनच्या दातांत अडकतात, पिनियन बाहेरचा रोटर फिरवतो आणि दोरा गुंडाळला जातो. सगळी गंमत त्या दातांच्या बसण्यात. केसभर जवळ बसले तर हाताला खरखर लागते, केसभर लांब बसले तर आत खडखडतं आणि दात लवकर झिजतात. दातांमधल्या त्या मोकळ्या जागेला कारखान्यात 'खेळ' म्हणत. जुन्या रिळांत हा खेळ हातानं जमवावा लागे. जोडणीच्या टेबलावरच्या बायका बेअरिंगमागे पातळ पितळी चकत्या घालून, हँडल फिरवून, चकती काढून, दुसरी घालून एकेक रीळ बसवायच्या. तिनं सहा वर्षं खपून काढलेल्या रिळात चकत्या नव्हत्याच. बॉडी अखंड धातूची, खाऱ्या पाण्याला दाद न देणारी. बेअरिंगची घरं इतकी नेमकी कोरलेली की गिअर आपोआप जागच्या जागी बसावा. गिअर ओतीव नाही, ठोकून घडवलेला. कुणीही जोडलं तरी रीळ तसंच फिरणार, हे तिचं सहा वर्षांचं वाक्य होतं. नमुन्याची सहा रिळं केली. प्रत्येकाला वजन लावून, मधे मधे मिठाच्या पाण्यात बुडवून, दहा लाख फेऱ्या फिरवायचं ठरलं. पाच रिळं दोन ते चार लाखांच्या दरम्यान कुरकुरायला लागली. चौथ्यानं मात्र दहा लाख पुरे केले आणि शेवटच्या दिवशीही ते लोण्यासारखं फिरत होतं. तिच्या विभागाचे साहेब म्हणाले होते, एक निघालं ना, मग सगळी निघतील, बाकीची पाच गेली ती कोरकाम पहिल्या हाताचं होतं म्हणून. शुक्रवारी मोठी बैठक होती. चौथ्या रिळाच्या जोरावर साचे करायला घ्यायचे आणि जोडणीचं टेबल बंद करायचं, हे जवळपास ठरल्यात जमा होतं. राहिले होते फक्त अहवालातले फोटो.

तिनं फोटो काढले. चकत्यांचाही काढला. तसं काही ठरवलं नव्हतं, कॅमेरा हातात होता आणि पुढची वस्तू ती होती, इतकंच. मग दोन्ही चकत्या कागदाच्या घडीत ठेवून घडी वहीत घातली, हात धुतले आणि जेवायला गेली. कँटीनमध्ये ती नेहमीच्या खिडकीशी बसली. घास चावताना तिच्या लक्षात आलं की आपण चव शोधतोय आणि ती सापडत नाहीये. मिठाची बाटली पुढ्यात होती, पण हात लांब करायचा कंटाळा आला. अशी ती बरीच वर्षं होती. लग्न तीन वर्षं टिकलं. नवऱ्यानं बॅग भरता भरता विचारलं होतं, 'तुला काहीच कसं वाटत नाही गं?' तिनं उंबऱ्यात उभं राहून खरोखर विचार केला होता आणि म्हणाली होती, 'टॅक्सी बोलावू का?' त्यानंतर ती आईबाबांकडे राहायला आली आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. मधली तीन वर्षं कुणीतरी तिच्या आयुष्यातून सफाईनं कापून घेतल्यासारखी. चौथं रीळ घरी कधी नेलं होतं ते आता तिला आठवलं. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात. नमुना घरी न्यायची परवानगी नव्हती, पण ती नेत असे. टीव्ही बघता बघता हँडल फिरवत बसायची. त्यानं काही कळायचं म्हणून नव्हे. रीळ तयार करणारी माणसं असं करतात, म्हणून.

कारण तिला काही कळतच नव्हतं. ही गोष्ट जगात तिला एकटीला ठाऊक होती आणि तिनं ती इतकी आत दडपून ठेवली होती की कधी कधी तिची तिलाच सापडत नसे. बाबा त्याच कारखान्यात जोडणीच्या टेबलाचे मास्तर होते. शिकाऊ बायकांना दिवसभर 'हळू, हळू' म्हणत, म्हणून सगळे त्यांना हळूमास्तर म्हणायचे. ती सात-आठ वर्षांची असताना ते संध्याकाळी दोन रिळं घरी आणायचे, तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, 'डोळे मिट. फिरव. हळू. आता दुसरं. जाणवतंय का?' ती डोळे मिटून फिरवायची. दोन्ही सारखीच फिरायची. मिटलेल्या डोळ्यांपुढे लाल अंधार असायचा आणि त्यात बाबांचा श्वास ऐकू यायचा, थांबलेला, तिच्या उत्तरासाठी. ती म्हणायची, 'हो.' 'कुठलं बरं?' 'दुसरं.' कधी बरोबर यायचं, कधी चूक, पण चुकलं की बाबाच स्वतःशी मान हलवून म्हणायचे, 'नाही, तसं बघितलं तर पहिल्यातही आहे जरा.' तो श्वास पुन्हा सुरू झाला की तिला मोकळं वाटायचं. बाबांनी कारखानाभर सांगितलं, पोरीला माझा हात आहे. त्या हातावर तिला इंजिनिअरिंगला घातलं, त्याच हातावर साहेबांनी तिला नोकरीत घेतलं. कॉलेजात पहिल्यांदा तिनं थरथर मोजणारं यंत्र पाहिलं. बटणाएवढा सेन्सर बॉडीला चिकटवायचा, हँडल फिरवायचं, आणि कागदावर रेघ उमटते; खरखर असेल तर रेघेला दात येतात. तिनं तो कागद कितीतरी वेळ हातात धरला होता. जे बाबांना बोटांत कळत होतं ते इथं डोळ्यांना दिसत होतं, कुणालाही, तिलासुद्धा. त्या दिवसापासून तिला एकच रीळ करायचं होतं, ज्याला हात लागत नाही असं. लोक म्हणायचे, मुलगी बापाच्या पुढे गेली. ती बापाला टाळून दुसऱ्या वाटेनं गेली होती.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते आणि आई ओट्याशी काहीतरी निवडत होती. तिनं चपला काढल्या, पर्स अडकवली, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, चौथं रीळ तुम्ही उघडलं होतं?"

पेपर हलला नाही. "कुठलं चौथं?"

"दोनेक महिन्यांपूर्वी मी घरी आणलेलं. काळं."

"हां, ते." पान उलटलं गेलं. "खरखरत होतं."

"मी सांगत होते, हात लावू नका," आई आतून म्हणाली. "ऐकतील तर शपथ. तू दुकानात गेलीस आणि यांनी जेवायच्या टेबलावर सगळा संसार मांडला. वर माझी कात्री घेतली. तेव्हापासून ती कात्री कापडाला चालत नाही."

"कात्रीला काही झालेलं नाही."

"तुम्ही शिवता का काही? मग!"

"मला सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखा लागला.

"सांगायचं काय त्यात? खरखरत होतं, बसवलं. घरात खरखरणारी वस्तू कशाला ठेवायची?"

"ते चाचणीचं होतं. बाकीची पाच गेली, ते एकच टिकलं. त्याच्यावर सगळं ठरतंय."

"काय ठरतंय?"

"चकत्या लागत नाहीत हे सिद्ध झालं, असं ठरतंय. टेबल बंद करणार आहेत."

तेव्हा पेपर खाली आला. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. टेबल बंद होणार ही गोष्ट तिनं त्यांना सांगितली नव्हती. सहा महिने ती रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होती आणि सांगितली नव्हती. "म्हणजे," ते एकेक शब्द ठेवत म्हणाले, "ते माझ्या चकतीवर टिकलं."

"हो."

"आणि ते टिकलं म्हणून टेबल बंद."

"हो."

बाबा हसले. तोंडातून आवाज आला नाही, खांदे मात्र दोन-तीनदा हलले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे. "आठवडाभर तुझ्या हातात होतं ते. शनिवारी रात्री टीव्हीपुढे फिरवत होतीस. मला इथं खुर्चीत ऐकू येत होतं. तुला जाणवलं नाही?"

"गडबडीत होते," ती म्हणाली.

"गडबडीत," ते म्हणाले. त्यांनी तो शब्द नुसता परत केला. मग पुन्हा चष्मा लावला आणि पेपर उचलला, पण पान बराच वेळ उलटलं नाही. आईनं विचारलं, चहा ठेवू का. आणि उत्तराची वाट न बघता ठेवलाही.

बुधवारी सकाळी तिनं चौथं रीळ चकत्यांशिवाय पुन्हा जोडलं आणि यंत्रावर चढवलं. पहिल्या शंभर फेऱ्यांतच रेघेला दात आले. तासाभरानं पाहिलं तर ते वाढले होते. यात नवल काहीच नव्हतं. गिअर चकतीच्या जागी दहा लाख फेऱ्या मुरला होता, त्याला आता जागेवरून उठवलं होतं. शिवाय बॉडीचं कोरकाम पहिल्यापासून चार शतांशानं चुकलेलं होतं, बाकीच्या पाचांसारखंच. चार शतांश. तिच्या ड्रॉइंगमध्ये याहून कमी चुकीची मागणी होती आणि ती मागणी कोरकामाची यंत्रं सहा वर्षांत पुरी करू शकली नव्हती. हे तिनं याआधी आकड्यांत पाहिलं होतं आणि पुढच्या वेळी होईल असं समजून बाजूला ठेवलं होतं. आता ते समोर होतं आणि तिला वाटत होतं, बरं, मग. कुणीतरी दुसऱ्याच्या घरातली बातमी सांगावी आणि आपण मान हलवावी, तसं. ती कागदाची घडी घेऊन जोडणीच्या टेबलाकडे गेली.

टेबलावर तिघी होत्या. एकमेकींच्या कुणी लागत नव्हत्या, पण कारखान्यानं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी जावांसारखी नावं देऊन ठेवली होती. धाकटीनं पन्नाशी ओलांडली होती. बाबांनीच तिघींना शिकवलं होतं. टेबल लांब, वर हिरवं रबर अंथरलेलं, वर्षानुवर्षं कोपरं टेकून रबराला तीन ठिकाणी खळगे पडलेले. बाबांचा चौथा खळगा टोकाला होता, तिथं आता खोकी ठेवलेली असत. ती इथं फारशी येत नसे. आली की तिघी एकदम बोलायच्या थांबत आणि 'या मॅडम' म्हणत. थोरलीनं घडी उलगडली आणि भिंग न घेता म्हणाली, "मास्तरांची."

"कशावरून?"

"भोक बघा ना. ते खिळ्यानं पाडायचे आणि मग आतून फिरवत फिरवत मोठं करायचे. मी पंच करते. ही आळशी," तिनं धाकटीकडे हनुवटी उडवली, "नेलकटरनं कापते."

"म्हणजे तुम्हीही हे वापरता?"

थोरलीनं मधलीकडे पाहिलं, मधलीनं खाली. मग थोरलीनं खण ओढला. आत एक चपटा डबा होता, त्यात शेकडो चंदेरी चकत्या, कुणावर निळी शाई, कुणावर लाल, कुणावर अर्धी तारीख. "स्टोअरमधली सगळ्यात पातळ चकती पाच शतांशाची," ती म्हणाली. "काही रिळांना दोनच लागतात. पाचाची घातली की गळा आवळतो. मास्तरांनी हा उपाय काढला. कागदोपत्री नाही, म्हणून कुणाला बोललो नाही. तिघींचं मिळून पित्त, गुडघे, डोकेदुखी आहे, गोळ्यांना तोटा नाही."

"किती रिळांत घातलं असेल?"

"ज्याला लागलं त्यात घातलं. मोजलं कुणी?" थोरली जरा थांबली. "तुमच्या त्या काचेच्या कपाटातल्यातही असेल. तेही मास्तरांनीच बसवलेलं."

काचेच्या कपाटातलं रीळ म्हणजे तिचं मापाचं रीळ. कारखान्यानं काढलेल्या जुन्या रिळांतलं सगळ्यात गुळगुळीत म्हणून ते ठेवलं होतं, आणि सहा वर्षं ती प्रत्येक नव्या नमुन्याची रेघ त्याच्या रेघेशेजारी ठेवून बघत आली होती. भिंतीवर ती रेघ चौकटीत लावलेली होती, जवळजवळ सपाट. हाताला वगळायचं म्हणून तिनं जे माप धरलं होतं ते बाबांच्या हाताचंच होतं. हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि कळूनही काही झालं नाही. फक्त टेबलाचं हिरवं रबर फार हिरवं दिसायला लागलं. थोरलीनं काय मनात आणलं कोण जाणे, दोन रिळं तिच्यापुढे सरकवली. "फिरवून बघा बरं, मॅडम. मास्तरांच्या हाताच्या तुम्ही. कुठलं बरं आहे?" तिनं एक फिरवलं. दुसरं फिरवलं. धातू गार होता, हँडलची मूठ मऊ. तिघी तिच्याकडे बघत होत्या, खिजवायला नव्हे, उलट जरा कौतुकानंच. "दुसरं," ती म्हणाली. थोरली म्हणाली, "हं," आणि रिळं परत घेतली. त्या 'हं'मध्ये बरोबर होतं की चूक, ते शोधत ती जिन्यापर्यंत आली. तेवढ्यात मागून थोरलीचा आवाज आला, "मॅडम, टेबल बंद होणार म्हणतात ते खरं का हो? नाही, पॅकिंगमध्ये गेलो तरी चालेल आम्हाला. खोकी लावायची, चिकटपट्टी मारायची. त्यात काय." ती वळली. काहीतरी बोलायला हवं होतं. "शुक्रवारी कळेल," ती म्हणाली. प्रयोगशाळेत येऊन तिनं कपाटातलं रीळ उघडलं. बेअरिंगमागे एकच चकती होती, लाल शाईची, तीही खिळ्यानं भोक पाडलेली. ती तिनं होती तशी ठेवली आणि रीळ पुन्हा बंद केलं.

गुरुवारी ती साहेबांकडे गेली. साहेब विभागाचे प्रमुख होते, सुस्वभावी, पोट बिघडलेले. ड्रॉवरमध्ये बडीशेपेची डबी आणि कागदांवर ग्रीसचे डाग असत. शिकाऊ असताना त्यांनीही सहा महिने बाबांच्या टेबलावर काढले होते. तिनं फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि क्रमानं सगळं सांगितलं: चकत्या, घरी नेलेला नमुना, बाबा, कालची रेघ. कपाटातल्या रिळाचंही सांगितलं. साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हिरव्या गोळ्या," ते म्हणाले. "माझ्याही याच आहेत." मग फोटो खाली ठेवला. "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"टेबलाला. आणि घरी."

"अहवाल वरती गेलाय?"

"नाही. उद्या."

"मग हा फोटो काढायलाच हवा होता का?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चिडून नव्हे, थकून. "हे बघ. तुझी सहा वर्षं आहेत यात. माझीही चार. पुढच्या खेपेला कोरकाम सुधारेल. उद्या कुणी विचारणार नाही, चौथ्याच्या आत काय आहे म्हणून."

"सुधारणार नाही, साहेब. यंत्र तेवढंच नेमकं आहे. मी तीनदा मोजलंय."

"नमुना घरी नेलास हे लिहिलंस तर तुझ्यावर येईल."

"येऊ दे."

"तू शांतपणे कसं बोलतेस गं हे?" ते म्हणाले. त्या क्षणी नवरा बॅग भरताना दिसला, त्याच्या हातातला घडी न झालेला शर्ट दिसला, आणि तिला वाटलं की आत्ता आपण काहीतरी वेगळं म्हणावं. पण वेगळं असं काही सापडलं नाही. "मला तसंच बोलता येतं," ती म्हणाली. साहेबांनी डबी उघडली, चिमूटभर बडीशेप तिच्याही हातावर ठेवली. "मास्तर," ते बडीशेप चघळत म्हणाले, "सहा वर्षं झाली घरी बसून, तरी तपासणी सोडत नाहीत." आणि फोटो अहवालाच्या गठ्ठ्यात, वरून तिसरा, सरकवून ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "गिअर चांगला आहे तुझा." तिनं मान वर केली. ते ताटाकडे बघत होते. "उघडलं तेव्हा दात बघितले मी. भिंगानं. इतके सरळ दात आपल्या कारखान्यात कधी निघाले नव्हते. माझ्या वेळच्या गिअरला दहा लाख फेऱ्या म्हणजे स्वप्न. चकती घालून तरी ते काय टिकले असते? बॉडी जरा बसत नव्हती, एवढंच." सहा वर्षांत ते पहिल्यांदा तिच्या रिळाबद्दल चांगलं काही बोलत होते. आईनं पाणी वाढलं. तिला वाटलं, आता घसा दाटेल. तिनं घास तोंडात तसाच धरून वाट पाहिली. मग तो गिळला. "उद्या सांगणार आहे मी बैठकीत," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "सांग की. माझी पेन्शन काय कापतात होय."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत फोटो भिंतीवर मोठा केला. चकती ताटाएवढी झाली आणि हिरवी अर्धी अक्षरं हाताएवढी. कुणीतरी हसलं. ती आकड्यांत बोलत गेली: पाच रिळं केव्हा गेली, चौथं का राहिलं, चकती काढल्यावर काय झालं, यंत्र किती नेमकं कोरतं आणि किती कोरायला हवं. प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. कुणी ओरडलं नाही. नमुना घरी नेल्याबद्दल तिला एक लेखी समज मिळेल असं सांगितलं गेलं, तिनं ते टिपून घेतलं. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर एका कुंडीत खोटं झाड होतं. त्याच्या पानावरची धूळ तिनं बोटानं पुसली, मग दुसऱ्या पानावरची. सहावं की सातवं पान पुसत असताना साहेब बाहेर आले. त्यांचा चेहरा कुणी चुकून बक्षीस दिल्यासारखा दिसत होता.

"साचे करायला घ्या म्हणाले," ते म्हणाले. "तुझीच बॉडी, तुझेच गिअर. पण चकत्यांसकट. टेबल राहणार. उलट आणखी दोघी घेऊ म्हणतात. विक्रीवाल्यांना तर उकळ्याच फुटल्यात, खोक्यावर 'हातानं जुळवलेलं' असं छापायचंय त्यांना." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, झालं की रीळ तुझं!"

"हो," ती म्हणाली. रीळ झालं होतं. खाऱ्या पाण्यात टिकणारं, दहा लाख फेऱ्यांचं, मऊ फिरणारं. फक्त जे तिला करायचं होतं ते नव्हतं. आणि टेबल राहिलं होतं, तिघींची खोकी आणि चिकटपट्टी टळली होती. हे चांगलं झालं हे तिला समजत होतं, आकडा समजावा तसं.

दुपारी ड्रॉइंग सुधारायचं होतं. साहेब कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. मोठ्या कागदावर तिच्या रिळाचा उभा छेद, आणि उजवीकडे खाली सूचनांची जागा, जी तिनं सहा वर्षं हट्टानं कोरी ठेवली होती. आता तिथं लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं: 'मोठ्या गिअरच्या बेअरिंगमागे गरजेप्रमाणे चकत्या घालाव्यात.' मग पेन थांबलं. कुठवर घालाव्यात? आकडा लिहिता येत नव्हता, कारण प्रत्येक बॉडीची भूक वेगळी. रेघेचं माप लिहावं, तर टेबलावर सेन्सर नव्हता आणि रेघ ज्या रिळाची होती तेही हातानंच बसवलेलं. तिनं पुढे लिहिलं: 'हँडल हाताला गुळगुळीत लागेपर्यंत.'

साहेबांनी वाकून वाचलं. "कोणाच्या हाताला?" ते म्हणाले. "असं मोघम नाही चालायचं. तपासणीवाले पहिलं हेच विचारतील."

"माझ्या नाही," ती म्हणाली.

साहेब हसले. "वा! आणि मास्तरांच्या मुलीच्या नाही तर मग कोणाच्या?"

"मला नाही कळत, साहेब. कधीच कळलं नाही. लहानपणी बाबा विचारायचे, मी हो म्हणायचे. नंतर तुम्ही विचारलंत, तेव्हाही हो म्हटलं. परवा थोरलीनं विचारलं, तिलाही अंदाजानं सांगितलं."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, मात्र डोळे तिच्यावरून हलले आणि कागदावर गेले, तिथून खिडकीकडे. तिला घाई नव्हती. शेजारच्या खोलीतली यंत्रं बंद होती. नमुने संपले होते, फिरवायला काही उरलं नव्हतं. तिनं 'हँडल'च्या पुढे एक काकपदाची खूण काढली आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, 'जोडणीच्या टेबलावरील ज्येष्ठ कारागिराच्या'. ओळ पुन्हा एकदा वाचली. बरोबर होती. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद साहेबांकडे सरकवला.